दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, जखमेत सुन्न करायचं इंजेक्शन दिलं, आणि आता पोट हलत नाहीये

शेवंती
नमस्कार मंडळी, जरा घाबरून लिहितेय, विस्कळीत झालं तर सांभाळून घ्या. आईचं (वय 61) परवा सकाळी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. खडे होते, दोनदा इतकं दुखलं होतं की रात्री उठून न्यावं लागलं, म्हणून शेवटी ऑपरेशन. ते नीट पार पडलं म्हणाले आणि काल दुपारी घरी सोडलं. डिस्चार्जच्या कागदावर लिहिलंय की चारही छिद्रांच्या जागी बुपिवाकेन (सुन्न करायचं औषध) टोचलं आणि पित्ताशय जिथून सुटवलं तिथे आतपण तेच सोडलं. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिला खरंच फारसं दुखत नव्हतं, आम्ही सगळे खूश, आणि मग रात्री दहाच्या सुमारास एकदम दुखायला लागलं तेव्हापासून गोळ्या चालू आहेत.

आता काळजी अशी की आज तिसरा दिवस, शौचाला अजिबात झालेली नाही. वारा काल रात्री एकदा थोडासा सरला तेवढाच. पोट गच्च वाटतंय म्हणते, जेवायला नको म्हणते. ओळखीतल्या एक काकू म्हणाल्या की पोटात सुन्न करायचं औषध टाकलंय ना, मग आतडीपण सुन्न झाली असणार, आठवडा लागतो. हे खरं आहे का? ते औषध किती दिवस आत राहतं? कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

वॉर्डातली
शेवंती, आधी एवढ्याची उत्तरं दे, बाकीचं नंतर बोलू. उलट्या होतायत का? ताप? पोट नुसतं जड वाटतंय की ढोलासारखं ताणलेलं दिसतंय? दुखणं कालपेक्षा कमी आहे की जास्त? डोळे पिवळसर, लघवी चहासारखी गडद असं काही? आणि गोळ्यांची नावं बघून लिही, पट्टीवरची बारीक अक्षरंपण वाच.

शेवंती
उलटी नाही, काल एकदा मळमळलं होतं. ताप नाही, आत्ताच बघितला, 98.4. पोट थोडं फुगल्यासारखं आहे पण दाबलं तर मऊ लागतंय. दुखणं कालपेक्षा कमीच आहे, पण उजवा खांदा दुखतोय म्हणते, हे मला विचित्र वाटलं. डोळे, लघवी नॉर्मल. गोळ्या: पॅरासिटामॉल आणि ट्रामाडॉल एकत्र असलेली एक, तीन वेळा. मळमळीसाठी ऑनडॅनसेट्रॉन, दोन वेळा. ॲसिडिटीची सकाळी एक. पाणी कमीच पितेय, उठून बाथरूमला जायला नको म्हणून. बहुतेक वेळ झोपूनच आहे.

वॉर्डातली
बरं, मग आत्ता घाबरण्यासारखं काही दिसत नाही. पण वर विचारलेल्यापैकी एक जरी गोष्ट सुरू झाली, म्हणजे सतत उलट्या, ताप, पोट ताठ होणं, दुखणं कमी होत होत परत वाढणं, कावीळ, तर धाग्यावर उत्तराची वाट बघत बसू नकोस, सरळ हॉस्पिटल गाठ. पित्त आत झिरपत असेल किंवा नळीत एखादा खडा राहिला असेल तर ते असंच दोन-चार दिवसांनी कळतं आणि त्यात उशीर परवडत नाही.

तुझ्या यादीतल्या दोन गोळ्या बद्धकोष्ठ करणाऱ्या आहेत, वर पाणी नाही आणि चालणं नाही. मी वॉर्डात इतकी वर्षं हेच चित्र बघतेय. काकूंचा राग धरू नकोस पण सुन्न करायच्या औषधावर आळ उगाच येतोय. ते सविस्तर पहाटपाळी सांगतील, ते रोज देतात.

रानवारा
माझंही दोन वर्षांपूर्वी झालंय हेच ऑपरेशन. खांदा मलापण दुखला होता, चार दिवस. तो गॅस असतो, पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात ना तोच. वारा सरला की तो निघून जातो आणि खांदा बरा होतो. त्यामुळे आईंना जास्तीत जास्त वारा सरेल असं बघा.

पहाटपाळी
मी भूलतज्ञ आहे, पित्ताशयाच्या ऑपरेशनला आठवड्यातून बऱ्याचदा डोक्याशी उभा असतो. पेशंटला न तपासता उपचार सांगणार नाही, पण नेमकं काय घडतं ते सांगतो, म्हणजे अर्धी भीती जाईल.

आधी रानवारा यांचा मुद्दा, कारण हा गैरसमज जवळजवळ प्रत्येकाचा असतो. ऑपरेशनला भरलेला गॅस आतड्यांच्या आत नसतो, तो आतड्यांच्या बाहेर, पोटाच्या पोकळीत असतो, साधारण 12 ते 15 मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने. तिथून गुदद्वाराकडे वाटच नाही. बराचसा गॅस शेवटी छिद्रांतून बाहेर काढतात आणि उरलेला रक्तात विरघळून फुप्फुसांतून श्वासावाटे जातो. वारा सरतो तो आतड्यातला, ती वेगळी हवा. खांदा दुखतो कारण पडद्याला, म्हणजे श्वासाच्या डायफ्रामला, ताण आणि चुरचुर झालेली असते आणि त्या पडद्याची नस मानेतून येते, तिथूनच खांद्याच्या त्वचेच्या नसा निघतात. मेंदूला पत्ता चुकीचा लागतो आणि दुखणं खांद्यात कळतं. दोन-तीन दिवसांत जातं. त्याचा आणि पोट साफ होण्याचा संबंध नाही, दोन्ही एकाच सुमारास सुधारतात म्हणून लोकांना तसं वाटतं.

आता मूळ प्रश्न. बुपिवाकेन नसेतला सोडियमचा दरवाजा बंद करतं. संदेश पुढे जायचा तर सोडियम आत शिरावं लागतं, ते थांबलं की त्या नसेतून दुखण्याची खबर जात नाही. एवढंच. जिथे टोचलं तिथल्या बारक्या नसांवर हे चार ते आठ तास टिकतं, कधी थोडं जास्त, मग रक्तात जाऊन यकृतात त्याचा निकाल लागतो. म्हणजे आईंना रात्री दहाला दुखायला लागलं तेव्हा औषध उतरलं होतं. आज तिसऱ्या दिवशी ते जखमेत नाहीच, मग आतडी कशी सुन्न ठेवेल. आत यकृताखाली सोडलेलंसुद्धा तेवढ्याच वेळाचं, आणि आतड्याच्या भिंतीत स्वतःचं नसांचं जाळं असतं, ते वरून थोडं औषध ओघळल्याने झोपत नाही.

मग आतडी मंद कशाने होतात? पोट उघडलं, आतले अवयव हाताळले की शरीर काही तास आतड्यांना आवर घालतं, शिवाय हाताळणीने भिंतीत थोडी सूज येते. दुखणं स्वतःच आवर घालतं, कारण दुखल्यावर जी धावपळीची मज्जासंस्था जागी होते ती पचन थांबवते. आणि मॉर्फिनच्या कुळातली औषधं. त्यांना चिकटायच्या जागा मेंदूत आहेत तशाच आतड्याच्या भिंतीतपण आहेत. तिथे ती चिकटली की आतडं पुढे ढकलायचं सोडून जागच्या जागी आकसतं, आणि मल जितका वेळ आत राहील तितकं पाणी शोषलं जाऊन कडक होतो. ट्रामाडॉल त्या कुळातलं सौम्य भावंड आहे, पण कुळ तेच. ऑनडॅनसेट्रॉन त्या कुळातलं नाही पण मोठं आतडं तेही मंदावतं.

म्हणून मला काकूंचं वाक्य बरोबर उलटं करून सांगायचंय. जखमेत सुन्न करायचं औषध देतो ते नुसतं आरामासाठी नाही. त्याच्यामुळे पहिल्या संध्याकाळी मॉर्फिनच्या कुळातलं औषध कमी लागतं आणि आतड्यांची त्यातून सुटका होते. आईंची आतडी मंद आहेत ती बुपिवाकेन दिल्याने नाही, ते उतरल्यावर जे सुरू झालं त्याने जास्त.

आतडी जागी होण्याचाही क्रम असतो. लहान आतडं काही तासांत, जठर एक-दोन दिवसांत, मोठं आतडं सगळ्यात शेवटी, दोन-तीन दिवसांनी. दुर्बिणीच्या पित्ताशयात आतड्यांना फारसा हात लागत नाही त्यामुळे सगळं लवकर होतं. त्यात आधी उपाशी, नंतर जेमतेम खाल्लेलं, म्हणजे बाहेर यायला आत काही असावं तर लागतं. तिसऱ्या दिवशी शौच नाही पण थोडा वारा सरलाय, पोट मऊ, उलटी नाही, याला मी वाईट म्हणणार नाही.

शेवंती
हे वाचून खूप हायसं वाटलं, आईला मोठ्याने वाचून दाखवलं. मग ती ट्रामाडॉलवाली गोळी बंद करू का?

पहाटपाळी
मनाने बंद करू नका, ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना आत्ता फोन करा आणि नेमकं असं विचारा: दुखणं कमी आहे, ट्रामाडॉल वेळेवर घ्यायचं की लागेल तेव्हाच? त्याऐवजी साधं पॅरासिटामॉल चालेल का? पोट साफ व्हायला काय देऊ? एक सावधगिरी, एकत्र गोळीत पॅरासिटामॉल असतंच. वरून वेगळं दिलं तर दोन्हीची बेरीज करा. मोठ्या माणसाला दिवसाला 4 ग्रॅमच्या वर कधीच नाही, वजन कमी किंवा यकृत नाजूक असेल तर त्याहून कमी, ते डॉक्टर सांगतील.

तळटीप
छान चर्चा. मी डॉक्टर नाही, पण बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी यावरचं मिळेल तेवढं वाचलं होतं म्हणून दोन गोष्टी टाकतो.

पोर्टच्या, म्हणजे दुर्बिणीच्या छिद्रांच्या, जखमांत सुन्न करायचं औषध आणि आत पोकळीत सोडायचं औषध, या दोन्हींवर कॉक्रेनचे (झालेले सगळे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) आढावे 2014 साली आलेत. दोन्हींचं सार साधारण एकच, पहिल्या काही तासांत दुखणं कमी होतं पण फरक दुखण्याच्या दहा गुणांच्या मापावर एका गुणाच्या आसपास, आणि बरेचसे अभ्यास छोटे, त्यांचा दर्जा बेताचा. मला आधी वाटलं मग एवढं कौतुक कशाला. पण विचार केला की एक गुण पॅरासिटामॉलचा, एक सूज कमी करायच्या गोळीचा, एक जखमेतल्या इंजेक्शनचा असं करत करत सहावरचं दुखणं तीनवर येतं आणि तिथे मॉर्फिनची गरज संपते, तेव्हा त्या एका गुणाची किंमत कळली.

या ऑपरेशनच्या वेदनेसाठी प्रॉस्पेक्ट नावाच्या गटाने ज्या शिफारशी केल्यात त्यात पॅरासिटामॉल, सूज कमी करणारं औषध, डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा एक डोस आणि जखमेत सुन्न करायचं औषध हा पाया धरलाय, मॉर्फिनच्या कुळातलं फक्त अडल्यावर. पोटाच्या आत सोडायला त्यांनी पहिल्या फळीत घेतलेलं नाही, पायाची औषधं देता येत नसतील तरच म्हटलंय. म्हणजे शेवंतीताईंच्या आईला जखमेत टोचलं ते पायातलं, आत सोडलं ते वरचं.

पिंपळपार
माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहितो. मला ऑपरेशन चालू असताना लिग्नोकेनची (हेही सुन्न करायचंच औषध) ड्रिप शिरेतून दिली होती, भूलतज्ञांनी आधीच सांगितलं होतं की याने आतडी लवकर सुरू होतात. आणि खरंच मला त्याच रात्री वारा सरला, दुसऱ्या दिवशी सकाळी पोट साफ. माझ्या मेहुण्याचं तेच ऑपरेशन, त्याला ड्रिप नव्हती, त्याला तीन दिवस लागले. त्यामुळे मला तरी वाटतं की प्रत्येकाने ही ड्रिप मागून घ्यावी, लोकांना माहितीच नसते.

तळटीप
@पिंपळपार तुमचं लवकर बरं झालं हे चांगलंच झालं, पण मागून घ्यावी इथे मी अडतो. शिरेतल्या लिग्नोकेनबद्दल 2015 च्या कॉक्रेन आढाव्यात बरंच आशादायक लिहिलं होतं. 2018 मध्ये जास्त अभ्यास धरून तोच आढावा परत केला तेव्हा सूर उतरला, आतड्यांना फायदा होतो की नाही हे खात्रीने म्हणता येत नाही असं आलं. मग ब्रिटनमध्ये 27 हॉस्पिटलांत मिळून 590 जणांवर एक मोठी चाचणी झाली, ॲलेग्रो नावाची, 2024 मध्ये छापून आली. ती मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनवर होती, म्हणजे जिथे आतडी मंदावण्याचा त्रास पित्ताशयापेक्षा कितीतरी जास्त. तिथेही 72 तासांनी आतडी सुरू होण्यात ड्रिपवाल्यांत आणि साध्या सलाईनवाल्यांत फरक सापडला नाही.

आणि तुम्ही आणि मेहुणे यांच्यात ड्रिप सोडून दहा गोष्टी वेगळ्या असतील. वय, नंतरच्या गोळ्या, कोण किती चाललं, कुणाला आधीपासून बद्धकोष्ठ होता.

पिंपळपार
मेहुण्याला आधीपासून आहे त्रास, हे मान्य. आणि त्याला नंतर ट्रामाडॉलची इंजेक्शनं चालू होती दोन दिवस, मला नव्हती. हे मी धरलंच नव्हतं. पण मग डॉक्टर देतात कशाला?

पहाटपाळी
कारण शिरेतल्या लिग्नोकेनने भूल देताना मॉर्फिन-फेंटानिल थोडं कमी लागतं आणि काहींना दुखणंही कमी होतं, त्यासाठी अनेक जण देतात, मीही निवडक लोकांना देतो. पण ते शिरेतून द्यायचं औषध आहे म्हणजे त्याची मात्रा हृदयापर्यंत सरळ जाते. ताशी किलोमागे दीड मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये आणि वजन धरायचं ते उंचीला साजेसं, काट्यावरचं नाही, असं 2020 मध्ये जाणकारांनी मिळून ठरवलंय, 40 किलोखालच्या माणसाला देऊ नका असंही. आणि ड्रिप चालू असताना जखमेतही भरपूर बुपिवाकेन टोचलं तर दोन्हींची बेरीज होते. फायदा नक्की नसताना धोका उगाच कोण घेईल, म्हणून मागून घ्यायची गोष्ट नाही ही.

तळटीप यांच्या लिहिण्यात एक भर घालतो. पहिला वारा कधी सरला ही नोंद अभ्यासात वाटते तेवढी पक्की नसते. पेशंट झोपेत असतो, लाजतो, किंवा नर्स विचारायला येते त्या वेळेची नोंद होते. म्हणून मी स्वतः वाऱ्यापेक्षा खाल्लेलं पोटात टिकतंय का याला जास्त मानतो. पोटाला स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकतो आम्ही, पण त्यावरूनही फार ठरत नाही, गडगड असून आतडं पुढे ढकलत नसू शकतं.

सुन्न करायचं औषध आतड्यांना मदत करतं याचा सगळ्यात भक्कम पुरावा वेगळ्या ठिकाणी आहे, पोट मोठं उघडून केलेल्या ऑपरेशनांत. तिथे पाठीत मणक्याजवळ एपिड्युरलची बारीक नळी ठेवून असं औषध सतत दिलं तर आतडी खरोखर लवकर सुरू होतात, कारण आतड्यांना आवर घालणाऱ्या नसाच तिथे बंद होतात आणि मॉर्फिनही लागत नाही. दुर्बिणीच्या पित्ताशयाला एपिड्युरल घालणं म्हणजे अति होईल, माणूस त्याच दिवशी चालायला लागतो.

अर्धविराम
धागा वाचून धीर आला आणि भीतीपण वाढली. माझं पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे, हेच. मला दातांच्या डॉक्टरकडे सुन्न करायचं इंजेक्शन दिल्यावर एकदा छातीत प्रचंड धडधड झाली होती, हात थरथरले, तेव्हापासून घरचे म्हणतात मला ॲलर्जी आहे. मग मला हे देणारच नाहीत का? आणि वर जे बेरीज बेरीज म्हणताय ते जास्त झालं तर काय होतं? वजन 60 किलो आहे.

पहाटपाळी
धडधडीचं वर्णन ऐकून तरी ॲलर्जीपेक्षा ॲड्रेनालिन वाटतंय. दातांच्या इंजेक्शनात बऱ्याचदा ते मिसळलेलं असतं, थोडं जरी रक्तात पटकन गेलं की असंच होतं. या गटाच्या औषधांची खरी ॲलर्जी फार कमी जणांना असते, तेव्हा अंगावर गांध्या, ओठ सुजणं, श्वास अडकणं असं होतं. पण हे मी इथून ठरवू शकत नाही. भूलतज्ञ तपासायला येतील तेव्हा जसं झालं तसं सगळं सांगा. आमच्याकडे उगाच ॲलर्जीचा शिक्का बसलेले बरेच जण येतात आणि त्यांना चांगल्या औषधाला मुकावं लागतं, म्हणून तपशील द्या, नुसतं ॲलर्जी म्हणू नका.

बेरजेचं असं. बुपिवाकेन किलोमागे 2 मिलिग्रॅम हा आम्ही पाळतो तो आकडा. 60 किलोला 120 मिलिग्रॅम. पाव टक्क्याच्या औषधात दर मिलिलिटरला अडीच मिलिग्रॅम असतं म्हणजे 48 मिलिलिटर चालतं, अर्ध्या टक्क्याचं असेल तर निम्मं, 24. ऐकायला भरपूर वाटतं. पण सर्जननी जखमांत 20 टोचलं, आत 20 सोडलं आणि मी वरून पोटाच्या भिंतीचा ब्लॉक (तिथल्या नसा सुन्न करायचं इंजेक्शन) दिला तर कधी ओलांडलं कळतही नाही. म्हणून आमच्याकडे औषध भरायच्या आधी सर्जन आणि मी मोठ्याने आकडा बोलतो, टेबलाशी उभ्या सिस्टर तो फळ्यावर लिहितात.

जास्त झालं तर तोंडाभोवती मुंग्या, कानात गुंई, जिभेवर धातूची चव, पुढे झटके, आणि सगळ्यात वाईट म्हणजे हृदयाचा ताल बिघडणं. पेशंट झोपलेला असल्याने पहिली लक्षणं तो सांगू शकत नाही, म्हणून मी मॉनिटरवरून नजर काढत नाही. यावर उतारा आहे, 20 टक्क्यांचं चरबीचं पांढरं द्रावण शिरेतून द्यायचं, ते औषधाला हृदयापासून ओढून घेतं. ही वेळ क्वचित येते. हे सगळं घाबरवायला नाही सांगत, तुम्ही विचारलंत म्हणून.

वॉर्डातली
@अर्धविराम माझ्याकडून एक अगदी साधी गोष्ट लिहून ठेव. इंजेक्शनचा असर असतो त्या सहा-आठ तासांत माणसाला वाटतं काही दुखतच नाही, गोळी कशाला. आणि मग रात्री असर उतरतो तेव्हा पोटात एकही गोळी नसते, दुखणं एकदम अंगावर येतं, आणि त्या घाईत मॉर्फिनच्या कुळातलं इंजेक्शन द्यावं लागतं. शेवंतीच्या आईचं रात्री दहाला हेच झालं. दुखत नसतानाच पॅरासिटामॉल वेळेवर घे, आणि त्याच बऱ्या तासांत उठून चाल. चालल्याने आतडी धावायला लागतात असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची शक्यता कमी होते, छाती मोकळी राहते, आणि बसून वारा सरणं झोपून सरण्यापेक्षा सोपं जातं एवढं तर रोज दिसतं.

दुसरं, जुलाबाची किंवा भुशीची काही पावडर मनाने नको. इसबगोलसारखं फुगणारं औषध मंद आतड्यात, पाणी न पिता घेतलं तर आतच गोळा बसतो.

रानवारा
पहाटपाळी, गॅसचं समजलं, मी दोन वर्षं लोकांना चुकीचं सांगत होतो. आमच्यात अजून एकाचं व्हायचंय, त्याला नीट सांगेन.

शेवंती
अपडेट. काल लगेच फोन केला. डॉक्टर म्हणाले ट्रामाडॉलवाली गोळी खरं तर फक्त लागलीच तर घ्यायची होती, कागदावर तसं लिहिलंही होतं, आम्ही घाईत तीन वेळा असंच वाचलं. आता साधं पॅरासिटामॉल दिवसातून तीनदा आणि मळमळ नसेल तर ती गोळी बंद. रात्री पोट साफ व्हायला लॅक्ट्युलोज दिलं. संध्याकाळी तिला धरून घरातच फेऱ्या मारल्या, सुरुवातीला रडकुंडीला आली होती, मग स्वतःच अजून एक म्हणाली. पाणी दर तासाला थोडं थोडं.

रात्री दोनदा वारा सरला आणि आज चौथ्या दिवशी सकाळी साडेसातला पोट साफ झालं. घरात सगळ्यांना सांगत सुटली आहे. भूकपण लागलीय. तुम्हा सगळ्यांचे खूप आभार, वॉर्डातली ताई विशेष तुमचे, तुम्ही आधी प्रश्न विचारलेत त्यानेच मी भानावर आले.

तळटीप
वा! कागदावर लागेल तेव्हा असं लिहिलेलं असतं आणि घरी ते तीन वेळा होतं, हे आमच्याकडेही झालं होतं अगदी असंच.

शेवंती
पुन्हा मीच, आठवा दिवस. आता उलटंच, दोन दिवस जेवलं की तासाभरात पातळ होतंय, दिवसाला तीनदा. लॅक्ट्युलोज तर केव्हाच बंद केलं. रक्त नाही, ताप नाही, पोट दुखत नाही.

पहाटपाळी
हे बऱ्याच जणांना होतं. आधी पित्त पिशवीत साठायचं आणि जेवल्यावर सुटायचं, आता पिशवी नाही त्यामुळे यकृतातून थेंब थेंब सतत आतड्यात येतं, आणि जास्तीचं पित्त मोठ्या आतड्यात पोचलं की तिथे पाणी सुटतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप बसतं. सध्या एका वेळी थोडं खाणं आणि तेलकट-तुपकट बेताने. टाके दाखवायला जाल तेव्हा सांगा, आणि महिन्यानंतरही चालू असेल तर पित्त बांधून ठेवणारं कोलेस्टायरामिन नावाचं औषध असतं, ते देतात. ताप किंवा रक्त दिसलं तर मात्र वाट न बघता जा.

अर्धविराम
माझं झालं, काल सकाळी. भूलतज्ञांना दातांची गोष्ट जशीच्या तशी सांगितली, त्यांनी बारीक बारीक विचारलं आणि म्हणाल्या की ॲलर्जी वाटत नाही, ॲड्रेनालिन नसलेलं औषध देऊ. आकडा किती देणार ते मी विचारलं तर त्यांना आश्चर्य वाटलं पण सांगितला, 40 मिलिलिटर पाव टक्क्याचं, सगळं जखमांत. दुपारी चारला दुखत नसताना गोळी घेतली, सिस्टर म्हणाल्या मागितलीत कशी. रात्री नऊनंतर दुखायला लागलं पण सहन होण्यासारखं, मॉर्फिनचं काही लागलं नाही. खांदा दुखतोय, तो दुखणारच होता. पहाटे पाचला वारा सरला. आत्ता खिडकीपर्यंत चालून येऊन हे लिहितेय.